खिडकीच्या हँडलचं माप नक्की कुठून कुठपर्यंत घ्यायचं?

शेवगा
नमस्कार मंडळी. प्रश्न किरकोळ आहे, पण गेले पंधरा दिवस त्याच्यापायी घरात शांतता नाही.

कोथरूडचा फ्लॅट, ताबा २०१२चा. खिडक्या पांढऱ्या यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या), बाहेर उघडणाऱ्या, आतून डासांच्या जाळीचा वेगळा पल्ला. बेडरूमच्या खिडकीचं हँडल मागच्या आठवड्यात हातात आलं. म्हणजे खरोखरच हातात आलं. मान तुटली, बूड खिडकीवरच राहिलं. ज्यांनी खिडक्या बसवल्या त्यांचा फोन आता लागत नाही. दुसऱ्या एका फॅब्रिकेटरला बोलावलं तर तो म्हणे, "साहेब, हे मॉडेल बंद झालं, अख्खा पल्ला बदलावा लागेल." हँडलपायी पल्ला!

मग मोबाईलवर फोटो काढून बोहरी आळीत गेलो. तिसऱ्या दुकानात "हेच ते" म्हणून एक मिळालं. घरी आणलं तर मागची चौकोनी दांडी भोकात शिरेचना. परत गेलो तर दुकानदार म्हणाला, "माप आणा." मी हँडलची लांबी सांगितली, १२ सेंटीमीटर. तो हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तर काय काय मोजायचं? आणि एकच बदलू की घरातली सहाही?

रिकामटेकडा
पहिला! (खिडकीशी बसूनच वाचतोय.)

टिकली
अशांतता पंधरा दिवस आणि हँडल मागच्या आठवड्यात? आधीचा आठवडा कशाबद्दल होता? ;)

शेवगा
टिकलीताई, तो वेगळा विषय आहे.

थेम्सकाठी
शेवगा, लांबी हे हँडलचं सगळ्यात बिनकामाचं माप. ती फक्त हाताला कसं लागतं त्यासाठी. आम्ही इंग्लंडमध्ये वीस वर्षं जुन्या यूपीव्हीसी खिडक्यांच्या घरात राहतो, दर दोन-तीन वर्षांनी एखादं हँडल जातंच, त्यामुळे हा अभ्यासक्रम पाठ आहे.

आधी हँडल काढा. त्याशिवाय मोजण्यात अर्थ नाही. हँडल अर्धवट फिरवलं की खालचा एक स्क्रू दिसतो. दुसरा बहुतेक वेळा प्लास्टिकच्या छोट्या टोपीखाली असतो, ती नखाने निघते. तुमची मान तुटली आहे म्हणजे दोन्ही उघडेच असतील.

मग पहिलं माप दोन स्क्रूंमधलं अंतर, मध्य ते मध्य. यूपीव्हीसीत हे बहुतेक ४३ मिमी निघतं. मध्य डोळ्याने सापडत नाही, म्हणून एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, उत्तर तेच येतं.

दुसरं, मागच्या चौकोनी दांडीची जाडी. खिडकीला ७ मिमी. तुमची शिरली नाही म्हणजे दुकानदाराने दाराचं हँडल दिलं असणार, दाराला ८ मिमी असते. फोटोत एक मिलिमीटर दिसत नाही.

तिसरं आणि खरं महत्त्वाचं, त्या दांडीची लांबी. बुडाच्या सपाट पाठीपासून टोकापर्यंत. १५ पासून ५५ मिमीपर्यंत काहीही असू शकते. लांब आली तर हँडल फ्रेमला टेकत नाही, मध्ये फट राहते. आखूड आली तर आतल्या गिअरला, म्हणजे हँडल फिरवल्यावर खिडकी लॉक करणाऱ्या यंत्रणेला, जेमतेम टोकाने धरते, चार महिन्यांत गिअरचं चौकोनी भोक गोल होतं आणि मग खरंच मोठा खर्च निघतो. शंका असेल तर लांब घ्या, हॅकसॉने कापता येते. कापल्यावर कडा कानशीने घासा, नाहीतर आत अडकते.

डोंबिवलीकर
मिमी वगैरे ठीक आहे, पण आमचा सुतार सुतात बोलतो. त्याला ७ मिमी म्हटलं की तो "म्हणजे दोन सूत" म्हणून मोकळा होतो.

भोसरी_एमआयडीसी
आणि तिथेच घोळ होतो. एक इंच म्हणजे आठ सूत, एक सूत ३.१७ मिमी. दोन सूत झाले ६.३५. सात मिमीच्या भोकात ६.३५ची दांडी घातली की ती बसते, दुकानात सगळे खूश, आणि घरी हँडल खुळखुळ्यासारखं हलतं. ४३ मिमी तर साडेतेरा सूत होतं, ते कोण मोजणार? लाकडाच्या खिडकीला सूत वापरा, यूपीव्हीसीला मिमीच. साधा व्हर्नियर (बारीक माप घेणारी, सरकत्या जबड्याची पट्टी) दोन-तीनशे रुपयांत मिळतो, घरात असावा.

शेवगा, थेम्सकाठींनी एक माप सांगितलं नाही कारण त्यांच्याकडे डास नाहीत. तुमच्याकडे आतून जाळीचा पल्ला आहे. हँडल खिडकीपासून किती पुढे येतं ते मोजा, आणि जाळी बंद असताना मध्ये किती जागा उरते तेही. इंग्लंडच्या फोटोतली सुंदर वळणदार हँडलं इथे जाळीला भोक पाडतात. माझ्या मेव्हण्याने चार घेतली, चारही परत.

थेम्सकाठी
मान्य. डास नाहीत, कोळी आहेत. त्यांना हँडल चालतं.

आजोबा_माटुंगा
तुमचं प्लास्टिकचं पुराण वाचून करमणूक झाली. आमच्या बिल्डिंगीला पंच्याऐंशी वर्षं झाली. खिडक्या लोखंडी, बारीक सेक्शनच्या, आणि हँडलं पितळी. एकही मोडलेलं नाही. मोडेल कसं? हातात घेतलं तर खलबत्त्यासारखं जड.

दोन वर्षांपूर्वी रंगकाम काढलं तेव्हा पोराने विचारलं, बाबा ही काळी हँडलं बदलूया का? मी म्हटलं, काळं नाही, ऑइलपेंट आहे, सात-आठ थर. रंग उतरवायचं औषध लावून एक खरवडलं तर खालून पिवळंधमक पितळ. मग सगळीच काढली. चिंच आणि पितांबरीने ही बसून घासत होती, देवाची भांडी असल्यासारखी. पोरगं आता येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतं.

एकाचं नाक मात्र झिजलं होतं. तसलं नवीन मिळेना म्हणून लोहार चाळीपासून चोर बाजारापर्यंत पायपीट केली. मटन स्ट्रीटवर एका टोपलीत मिळालं, पण उलट्या हाताचं. डाव्या खिडकीचं उजवीला बसत नाही, हे ऐंशीव्या वर्षी कळलं.

टिकली
काका, तुमच्या प्रतिसादासाठी धागा वसूल.

थेम्सकाठी
आजोबांनी मुद्द्याचं सांगितलं. ज्या हँडलला बाजूने चोच असते आणि ती चोच फ्रेमवरच्या ठोकळ्याला अडकते, त्याला मागे दांडीच नसते. इथेही जुन्या खिडक्यांना तसलीच. तिथे माप घ्यायचं ते बुडाच्या तळापासून चोचीच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची. ९ ते २१ मिमी अशी वेगवेगळी येतात. दोन मिमी जास्त झाली तर खिडकी लागते पण वाऱ्याने खडखडते, कमी झाली तर चोच ठोकळ्यावर चढतच नाही.

डावं-उजवं सांगताना "डावं हँडल द्या" असं म्हणू नये, प्रत्येक दुकानाचं डावं वेगळं. खोलीत उभं राहून बिजागऱ्या कोणत्या हाताला आहेत ते सांगावं. शेवगा, तुमचं हँडल सरळ असेल, मान एका बाजूला वळलेली नसेल, तर तुम्हाला ही भानगड नाही.

बर्लिनची_मिसळ
जर्मनीत बरं असतं. हँडल खाली म्हणजे बंद, आडवं केलं की खिडकी दारासारखी आत उघडते, वर केलं की वरून तिरकी होते. दांडी ७ मिमी, स्क्रू ४३ मिमी, कुठल्याही बांधकाम-सामानाच्या दुकानातून उचला आणि लावा. स्क्रू बुडावरच्या पट्टीखाली असतात, पट्टी किंचित उचलून नव्वद अंशात फिरवायची. मला हे माहीत नव्हतं, मी पहिल्या घरात तासभर स्क्रू शोधत होते.

आल्यावर पहिल्याच महिन्यात मी हँडल अर्धं आडवं, अर्धं वर असं केलं आणि खिडकी ओढली. अख्खा पल्ला एका कोपऱ्यावर लटकला आणि माझ्या अंगावर यायला लागला. तो दोन्ही हातांनी धरून मी पंधरा मिनिटं उभी होते, फोन टेबलावर. शेवटी शेजारच्या आजी आल्या, त्यांनी पल्ला चौकटीला टेकवला, हँडल वर केलं, झालं. नंतर कळलं की इथे आलेल्या प्रत्येकाच्या आयुष्यात हा प्रसंग एकदा येतो.

अवांतर: त्याच आजींनी मला हिवाळ्यातही रोज दोनदा खिडक्या सताड उघडायला शिकवलं. फोडणीच्या वासाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, पण शिकवलं.

रिकामटेकडा
म्हणजे खिडकी पडली ते हँडलमुळे आणि उघडली ते हिंगामुळे.

डोंबिवलीकर
आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या आहेत. त्यातलं चंद्रकोरीसारखं लॉक फिरतंच आहे, लागत नाही. त्यालाही ४३?

भोसरी_एमआयडीसी
नाही. त्याची स्क्रूची भोकं वेगवेगळ्या अंतरावर असतात, मोजूनच घ्या. आणि कोरीच्या आकड्याची तळापासूनची उंची बघा. पण आधी पल्ले नीट समोरासमोर येतात का ते पाहा. खालची चाकं झिजली की एक पल्ला खाली बसतो आणि कोर आकड्याला पोचत नाही. लोक लॉक बदलत बसतात, दोष चाकाचा असतो.

अनघा_पर्वरी
गोव्याहून. आमच्याकडे माप बरोबर आलं तरी माल टिकत नाही. समुद्र दोन किलोमीटरवर. पांढऱ्या पावडर कोटिंगची जस्त-मिश्रधातूची हँडलं दुसऱ्या पावसाळ्यात फोडासारखी फुगतात, रंग पोपडे होऊन निघतो. आता स्टीलची घेते, चुंबक लावून. चिकटलं की परत.

भोसरी_एमआयडीसी
अनघाताई, चुंबक तुम्हाला फसवतोय. स्टेनलेस स्टीलचे ग्रेड असतात. ३०४ला चिकटत नाही हे बरोबर, पण २०२लाही नीटसं चिकटत नाही, आणि २०२ समुद्राजवळ लवकर गंजतं. उलट चांगलं ३०४ वाकवलं-ओढलं की त्या जागी थोडं चिकटतं. म्हणजे चांगला माल तुम्ही परत करताय आणि भलताच घरी नेताय. किनाऱ्यावर ३१६ मागा, बिलावर ग्रेड लिहून घ्या. आणि स्क्रू! हँडल ३१६ आणि स्क्रू साधे लोखंडी, हे मी दहातल्या सात घरांत बघतो. गंजाचे ओघळ तिथूनच सुरू होतात.

अनघा_पर्वरी
अरे देवा. चार वर्षं चुंबक पर्समध्ये घेऊन फिरतेय.

हापूस_अधिकृत
रत्नागिरी. आमच्या लाकडी खिडक्यांना पितळी कड्या, वर्षातून एकदा खोबरेल तेलाचं बोट. बास.

शेवगा
यूपीव्हीसीच्या गिअरलाही खोबरेल चालेल का?

भोसरी_एमआयडीसी
नको! खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. पुण्याच्या जानेवारीत तुमचा गिअर सकाळी उघडणार नाही. वर धूळ धरून चिकट होतं ते वेगळंच. सिलिकॉनचा स्प्रे मारा, पट्टी पुसून घेऊन.

हापूस_अधिकृत
रत्नागिरीत थिजत नाही. आमचा प्रश्न सुटलेला आहे.

टिकली
मला एक विचारायचंय. आम्ही अकराव्या मजल्यावर, मुलगी तीन वर्षांची. किल्लीचं हँडल घ्यावं का? नवरा म्हणतो किल्ली हरवणार.

थेम्सकाठी
घ्यावं. बहुतेकांत तीच दांडी, तेच ४३ मिमी, फक्त मानेवर कुलपाचं बटण. पण किल्ली हँडलमध्येच लावून ठेवायची नाही, आणि खोलीबाहेरही नाही. मोठ्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर, त्याच खोलीत. आग लागली तर खिडकी हाच रस्ता असू शकतो. इथल्या इमारत नियमांत सुटकेच्या खिडकीची उघडी जागा किमान ०.३३ चौरस मीटर आणि कोणत्याही बाजूने ४५० मिमीपेक्षा कमी नको, असं आहे. अकराव्या मजल्यावरून अर्थात कोणी उडी मारणार नाही, पण धूर जायला आणि हाक मारायला तरी उघडावी लागते.

डोंबिवलीकर
आमच्या सोसायटीत सगळ्यांनी बाहेरून पिंजऱ्याच्या ग्रिल ठोकल्यात. ०.३३ चौरस मीटर सोडा, मांजर अडकतं.

आजोबा_माटुंगा
टिकली, किल्ली हरवणार हे गृहीत धरून दोन घ्या. मुलगी पाच वर्षांची झाली की ती शोधून देईल.

शेवगा
मंडळी, अहवाल. व्हर्नियर आणला. बूड काढलं. स्क्रू ४३ मिमी, दांडी ७ मिमी, तिची लांबी ३० मिमी. बोहरी आळीचं हँडल मोजलं: ८ मिमी. थेम्सकाठी, तुम्ही तिकडून बरोबर ओळखलंत. जाळी आणि खिडकीत ४८ मिमी जागा आहे, जुनं हँडल ३८ मिमी पुढे येतं, म्हणजे माझ्याकडे एक सेंटीमीटरचा ऐवज.

आता अडचण अशी की खिडकी बंद अवस्थेतच अडकलीय. नवीन हँडल मागवण्याआधी आतला गिअर शाबूत आहे हे कसं कळणार?

भोसरी_एमआयडीसी
हॉलच्या खिडकीचं हँडल काढा, इथे लावा. दोन स्क्रू, पाच मिनिटं. त्याने फिरलं आणि उघडलं तर गिअर ठीक. हँडल फिरलं पण खिडकी ढिम्म, तर गिअर गेला. मग त्याची पट्टी बदलावी लागेल, तेव्हा पल्ल्याच्या कडेपासून चौकोनी भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतरही मोजावं लागेल. पल्ला बदला म्हणणाऱ्याला हे करायला सांगायला हवं होतं.

शेवगा
केलं. उघडली! पण जोर लावावा लागला. हॉलमध्ये तेच हँडल लोण्यासारखं फिरतं.

भोसरी_एमआयडीसी
मला हेच ऐकायचं होतं. खिडकी बंद करताना हँडलच्या बाजूचा खालचा कोपरा फ्रेमला घासतो का? तिथे काळपट रेघ आहे का?

शेवगा
आहे. आणि पल्ला त्या बाजूला चार मिमी खाली आलाय. आत्ता मोजलं. व्हर्नियर आल्यापासून मी सगळंच मोजतोय, हिने काल पोळीची जाडी विचारली.

भोसरी_एमआयडीसी
मग तुमचं हँडल मेलं ते पल्ला ओढून-ओढून. पल्ल्याला धरणाऱ्या स्टीलच्या सरकत्या पट्ट्या, आमच्याकडे फ्रिक्शन स्टे म्हणतात, त्या ढिल्या झाल्यात. किंवा काचेच्या कडेचे प्लास्टिकचे पॅकर सरकलेत, त्यामुळे काचेचा भार एका कोपऱ्यावर आला. आधी पट्टीचे स्क्रू आवळून बघा. नाहीच तर जोडी बदला. पट्टीची लांबी इंचात मोजा आणि बंद असतानाची जाडी मिमीत, १३ किंवा १७ निघेल. हे न करता नवीन हँडल लावलंत तर पुढच्या वर्षी हाच धागा वर येईल.

टिकली
थांबा. मला अजून पहिल्या आठवड्याचं उत्तर मिळालेलं नाही. शेवगा, हँडल तुटायच्या आधीच्या आठवड्यात घरात अशांतता का होती?

शेवगा
...

शेवगा
बरं, सांगतो. पाऊस लागून राहिला होता. बाल्कनीत कपडे वाळेनात. मी बेडरूमच्या खिडकीच्या हँडलला नायलॉनची दोरी बांधली आणि दुसरं टोक कपाटाच्या कडीला. ही म्हणाली काढ, मी म्हटलं दोनच दिवस. आठ दिवस राहिली. त्यावर माझ्या दोन जीन्स आणि बाथरूमचं पायपुसणं होतं.

रिकामटेकडा
🙏🙏🙏

डोंबिवलीकर
ओल्या दोन जीन्स!! आणि दोष फॅब्रिकेटरचा?

अनघा_पर्वरी
वहिनींना साष्टांग.

भोसरी_एमआयडीसी
तरी मी म्हणेन, दोरी निमित्त. ती हँडल आतल्या बाजूला ओढत होती, मान तुटायला तेवढं पुरलं, पण पल्ला चार मिमी खाली दोरीने येत नाही. ते कित्येक वर्षांचं आहे.

थेम्सकाठी
सहमत नाही. दोरीच. आमच्या बिछान्याशेजारच्या हँडलला मुलगा शाळेची बॅग लटकवायचा, तेही मानेतच गेलं आणि तिथला पल्ला सरळसोट होता. जस्ताचा ओतीव माल आहे हो, त्याला पिळलेलं चालतं, ओढलेलं नाही.

आजोबा_माटुंगा
आमच्या पितळी हँडलला १९७०च्या दशकात पाळणा बांधायचो. हलकेच घ्या.

शेवगा
शेवटचा अहवाल. पट्टीचे स्क्रू आवळून दीड मिमी वर आलं, बाकी येईना, म्हणून जोडी बदलली. १६ इंची, १७ मिमी जाडीची. फॅब्रिकेटर तोच, "पल्ला बदला" वाला. त्याला मापं कागदावर लिहून दिली तर निमूट घेऊन आला. हँडल ३५ मिमी दांडीचं मिळालं, ५ मिमी कापलं. कडा घासायला विसरलो, अडकलं, पुन्हा काढून घासलं. आता करंगळीने फिरतं.

सहाही बदलली नाहीत. दोन घेतली, एक डब्यात ठेवलंय, वर चिठ्ठी: ४३ / ७ / ३०. चिठ्ठीच्या खाली हिने तिच्या अक्षरात लिहिलंय, "दोरी नाही."

टिकली
तीच चिठ्ठी फ्रेम करा.

हापूस_अधिकृत
छान धागा. यावरूनच विचारतो, आमच्या मागच्या दाराचं हँडल ढिलं झालंय, त्याचं माप काय घेऊ?

भोसरी_एमआयडीसी
८ मिमी. बाकीच्यासाठी नवीन धागा काढा.

शेवगा
हापूस, ८ मिमीचं एक माझ्याकडे पडलंय. पोस्टाने पाठवू का?